मुद्दल डोंगरात आहे

नाशिकला पाहुणा आला की पहिलं वाक्य ठरलेलं. ‘हवा काय छान आहे हो तुमच्याकडे!’ आपण खुशीत मान डोलावतो, चहा टाकायला सांगतो आणि विषय मिसळीकडे वळतो.

हवा आपली नाही. डोंगरांची आहे.

नकाशा उघडा. शहर साधारण सहाशे मीटर उंचीवर. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग, त्यात ब्रह्मगिरी आणि अंजनेरी, दोन्ही तेराशे मीटरच्या घरात. उत्तरेला सातमाळ्याची रांग, तिथेच सप्तशृंगीचा गड. दक्षिणेला पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर, थेट हायवेला खेटून. तीन बाजूंनी डोंगर आणि चौथी बाजू निफाडकडे मोकळी. गावाचं नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडलं की नऊ शिखरांवरून, हा वाद पंडितांनी घालत बसावा. जुनी माणसं एवढंच सांगायची, नाशिक नव टेकांवर वसलं.

त्या नव टेकांची नावं आज किती नाशिककरांना सांगता येतील? हॉटेलांची नव्वद सांगतील.

पाऊसही डोंगरांचाच. अरबी समुद्रावरून आलेले ढग आधी इगतपुरीला रिते होतात. तिथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. पंचेचाळीस किलोमीटरवर नाशिक शहरात तोच सातशेच्या आसपास. आणखी तीस किलोमीटर पुढे सिन्नरच्या पूर्वेला गेलात, तर लोक टँकरची वाट बघत असतात. एकाच जिल्ह्यात, दीड तासाच्या अंतरात, छत्री आणि टँकर.

म्हणजे डोंगरावर पडलेला थेंब अडला तर आपण. नाही अडला तर पुढच्या गावाकडे टँकर मागायला आपणही.

थंडीचंही तसंच. डिसेंबर उजाडला की हवामानाच्या बातमीत निफाडचं नाव वर. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर आला की शहरात जॅकेटं निघतात, फोटो निघतात. अशाच एका पहाटे निफाडकडच्या एका बागेत होतो. वेलींच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवलेल्या. धूर जमिनीलगत रेंगाळत होता. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार, म्हणून ठिबक पहाटेच सोडलेलं. मी म्हटलं, ‘अण्णा, थंडी मस्त पडलीय.’

अण्णांनी एक घड हातात धरून बॅटरीच्या उजेडात दाखवला. साखर भरत आलेले मणी, आणि त्यातल्या सात-आठ मण्यांवर नखाने ओरखडा काढावा तशी बारीक चीर. ‘तुम्हाला मस्त हो भाऊ. माझे मणी तडकायला लागले.’

त्यानंतर थंडीला मस्त म्हणायची माझी हिंमत झालेली नाही.

आता पूर. धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं, हे टीव्हीवर सांगतात. गोदाघाटावर कुणी क्युसेक विचारत नाही. तिथे प्रश्न एकच, ‘मारुतीच्या कुठपर्यंत आलं?’ नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही नाशिकची पूरपट्टी. पाणी गुडघ्याला लागलं तर बघ्यांची गर्दी. कमरेला लागलं तर दुकानदार माल वर हलवतात. छातीला लागलं तर सराफ बाजारात धावपळ. आणि डोकं बुडालं तर नजर वळते नारोशंकराच्या देवळाकडे. १७४७ सालचं ते देऊळ. त्याच्या दर्शनी भिंतीवरची पोर्तुगीज घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची खूण. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर.

होळकर पुलाच्या कठड्याला टेकून पूर बघणारी आजी एका नजरेत सांगते की आता दोन तासांत आणखी चढणार की उतरणार. ती पाण्याचा रंग बघते. वरून येणारं पाणी लाल-गढूळ असेल तर चढ अजून बाकी आहे.

लाल पाणी म्हणजे काय? डोंगराची माती.

१९६९, २००८, २०१६, २०१९. पुराची ही सालं घाटावरच्या लोकांना तोंडपाठ आहेत. अंतर बघा. आधी एकोणचाळीस वर्षं, मग आठ, मग तीन. नुसत्या चार आकड्यांवरून निष्कर्ष काढू नये, मान्य. पण चिंतासुद्धा करू नये?

डोंगराची ती माती जाते कुठे? थोडी घाटावर, दुकानांत, देवळांत. बरीचशी गंगापूर धरणात. १९६५ साली पूर्ण झालेलं हे मातीचं धरण शहराला पाणी पाजतं. मूळ साठा ७.२ टीएमसीचा. गाळ साचत साचत तो ५.६ टीएमसीवर आला. म्हणजे दीड टीएमसीहून जास्त पाण्याच्या जागेवर आज डोंगर येऊन बसलाय. दर उन्हाळ्यात पाणीकपातीची चर्चा होते, मराठवाड्याला किती पाणी सोडायचं यावरून भांडणं होतात, जायकवाडीच्या टक्क्यांवर मोर्चे निघतात.

गाळावर मोर्चा निघालेला पाहिलाय कुणी?

बरं, गावात यायचं कसं? इथेही डोंगर आडवा. मुंबईहून कल्याण, कसारा आणि मग थळघाट. इंग्रजांनी १८६५ मध्ये रेल्वे इगतपुरीपर्यंत चढवली. चढ असा की सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आजही वर येणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात, बँकर म्हणतात त्यांना. ती लागताना डब्याला एक हलका धक्का बसतो. डुलकी लागलेला पंचवटीचा पासधारक डोळे न उघडता म्हणतो, ‘कसारा आलं.’ पंचवटी एक्सप्रेस १९७५ पासून धावतेय. या गाडीने दोन पिढ्यांचे संसार चालवले. सकाळी मुंबईत नोकरी, रात्री नाशिकात जेवण. त्या माणसांच्या गुडघ्यांची आणि झोपेची किंमत कुठल्या अर्थसंकल्पात धरली गेली?

स्टेशनही गावापासून नऊ-दहा किलोमीटर लांब, नाशिकरोडला. म्हणून १८८९ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली. स्टेशनवरून थेट जुन्या नाशकात. चाळीसेक वर्षं चालली.

सव्वाशे वर्षांपूर्वी या गावाला रुळांवरची गाडी होती.

आज? २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. टायरवर धावणारी मेट्रो, देशाला नमुना ठरणार, वगैरे. पेढे वाटले गेले. त्यानंतर शहरात एक खांब उभा राहिला नाही. पुण्याला रेल्वेने जायचं तर अजून कल्याणला वळसा. नाशिक-पुणे सरळ मार्ग २३५ किलोमीटरचा, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा आखला. मग नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला त्याचा त्रास होईल म्हणून अडला. दुर्बीण काल-परवा उगवली का? नव्वदच्या दशकापासून तिथे आहे. रेघ मारताना कुणी बघितलं नाही.

हवाई मार्ग? ओझरला विमानांचा कारखाना १९६४ पासून. तिथे मिग बनले, सुखोई बनले. लढाऊ विमानं बनवणाऱ्या जिल्ह्यातून प्रवासी विमानं मात्र येतात, थांबतात, बंद होतात, पुन्हा येतात. तिकीट काढण्याआधी चौकशी करा.

रस्त्याचं मात्र नशीब उघडलं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. ७०१ किलोमीटर पूर्ण. इगतपुरीजवळचा बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा, खुला झाला तेव्हा राज्यातल्या रस्त्यांवरचा सर्वांत लांब. काम अवघड होतं, इंजिनिअर आणि मजूर दोघांनाही सलाम. ज्या घाटात तासतास ट्रकच्या मागे लटकायचो, तो घाट आता गाडी पोटातून पार करते.

आणि नाशकात शिरल्यावर द्वारका चौक.

आठ किलोमीटरचा डोंगर दहा मिनिटांच्या आत पार होतो. द्वारका चौक संध्याकाळी सहा वाजता किती मिनिटांत पार होतो, हे गाडीत आजारी माणूस घेऊन निघालेल्याला विचारा. मी एकदा विचारायच्या जागी नव्हतो, गाडीत होतो. मागच्या सीटवर आईचा श्वास वर-खाली होत होता आणि समोर रिक्षा, डंपर, बस, रिक्षा. पंचवीस मिनिटं. आई वाचली. त्या पंचवीस मिनिटांचा राग अजून उतरलेला नाही.

आता त्या डंपरकडे वळू.

रस्ता रुंद करायला काय लागतं? खडी. पूल बांधायला? खडी. वीसमजली इमारतींना? खडी आणि क्रश सँड. ती येते कुठून? पश्चिमेकडून, जिथून पाऊस येतो तिथूनच. सारूळचे डोंगर खाणींनी वर्षानुवर्षं कुरतडले. २०२१ मध्ये तर ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी खोदकाम सुरू झालं, सुरुंगांचे आवाज आले, मेटावरच्या, म्हणजे डोंगरातल्या वस्तीवरच्या, लोकांच्या पोटात गोळा आला. ओरड झाली, पर्यावरणवाले धावले, साधू बोलले, अधिकारी पाहणी करून गेले. ती भीती पोकळ नाही. माळीणचा डोंगर २०१४ मध्ये एका सकाळी गावावर कोसळला. दीडशेवर माणसं गेली. ते गाव इथून काही हजार मैलांवर नाही, शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे.

ब्रह्मगिरी म्हणजे कोण, हे तरी लक्षात घ्या. गोदावरी तिथे उगमते. अरबी समुद्र तिथून जेमतेम ऐंशी किलोमीटर. पण ती पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. मराठवाडा, तेलंगण, आंध्र, सगळे तिचं पाणी पितात. एवढ्या मोठ्या नदीचं माहेर, आणि आपण त्याच्या पायथ्याशी सुरुंग लावणार?

कुणाच्या परवानगीने? खालच्या गावांना विचारलं होतं?

इथे मला दर वेळी पांडवलेणी आठवतात. पर्यटनाच्या पत्रकात एक ओळ असते, ‘२४ लेण्यांचा प्राचीन समूह’. लोक पायऱ्या चढतात, सेल्फी काढतात, उतरतात. दहाव्या लेण्याच्या ओसरीत थांबा. भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा हा लेख, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात काय आहे? देवाची स्तुती नाही, लढाईची फुशारकी नाही. चक्क ठेवीची पावती आहे.

तीन हजार कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण. व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंना चीवराचे पैसे द्यायचे. आणि पुढे स्पष्ट अट: ही कार्षापणं परत द्यायची नाहीत, फक्त व्याज वापरायचं.

मुद्दलाला हात लावायचा नाही.

ज्या गोवर्धनचं नाव त्या भिंतीवर आहे, ते गाव आजही गंगापूर रोडला आहे. तिथे आता फार्महाऊसच्या पाट्या आहेत. विणकर गेले, श्रेणी गेल्या, नहपान तर सातवाहनांनी हरवला. त्याच डोंगरातल्या तिसऱ्या लेण्यात सातवाहनांची राजमाता गौतमी बलश्री हिने मुलाचा तो पराक्रम कोरून ठेवलाय. अट मात्र भिंतीवर शाबूत आहे. हवा, पाऊस, नदी, द्राक्षाची गोडी, हे सगळं व्याज. डोंगर हे मुद्दल. ते आपण टनावर विकतोय.

पर्यटनस्थळांची यादी मी देणार नाही. त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगी, काळाराम, वायनरी, धबधबे, ती कुठेही मिळेल. पण एक ठिकाण सांगतो. अंजनेरीचं पठार, ऑगस्टमधलं. गवतात गुडघे टेकून शोधलं तर हिरवट-पांढरं, बोटाच्या पेराएवढं कंदीलपुष्प दिसतं. नाव सेरोपेजिया अंजनेरिका. शास्त्राला ते कळलं २००६ मध्ये. डोंगराच्या नावावरून त्याचं नाव पडलं, कारण त्याचं घर तिथे. फुगीर नळी, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, आत शिरलेली बारीक माशी परागकण अंगावर घेऊनच सुटते. एवढ्या लहान जागेत एवढी कारागिरी. पावसाची सर आली की ते वाकतं आणि परत उभं राहतं.

बुटाखाली आलं तर उभं राहत नाही.

या अंजनेरीवर आधी गाडीरस्त्याचा विचार झाला. मग ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा. कड्यांत गिधाडांची घरटी आहेत, वनखात्याने २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलंय, तरीही. विरोध झाला म्हणून निदान लोकांना कळलं. वृद्धांना दर्शन हवं, हे मला मान्य आहे. सप्तशृंगीला २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, म्हाताऱ्या माणसांना देवी भेटते, मी स्वतः मावशीला घेऊन गेलोय, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण म्हणून प्रत्येक शिखराला तारा बांधायच्या? काही डोंगर पायांनीच चढायचे असतात. ज्याला जमत नाही त्याने खालून हात जोडले तर अंजनेरीचा हनुमान रागावेल का?

आणि आता सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मोठी स्नानं. हजारो कोटींची कामं. सिंहस्थ आमचा आहे, मनापासून आहे. लहानपणी शेजारच्या घरात दहा-दहा पाहुणे महिनाभर राहिलेले पाहिलेत, कुणी कपाळाला आठी घातली नाही. म्हणूनच विचारतो.

मागे सिंहस्थाच्या तयारीत गोदापात्रात काँक्रीट ओतलं. रामकुंडाच्या परिसरातले जिवंत झरे तळाखाली गेले. मग तेच काँक्रीट काढा म्हणून नागरिकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. आधी ओतायला पैसे, मग फोडायला पैसे.

नासर्डी नदीला नंदिनी नाव दिलं. नाव बदलून पाणी बदललं का?

२०२५ सरता सरता तपोवनात साधुग्रामासाठी झाडं तोडायची ठरली. आकडा १,८०० च्या आसपास सांगितला गेला. खोडांवर खुणा पडल्या आणि नाशिककर रस्त्यावर उतरले. शाळेतली मुलं झाडांना मिठी मारून उभी होती. तपोवन. तप आणि वन. त्यातलं वनच काढलं तर साधू तप कशाखाली करणार, पत्र्याखाली? ऑगस्टच्या उन्हात की पावसात?

तिथे उभं राहिल्यावर मला या गावाचा अभिमान वाटला. बऱ्याच वर्षांनी.

शेवटचं एक टेक दाखवतो. नऊपैकी एक, जुनी गढी. गोदाकाठचा मातीचा उंच ढिगारा. १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी इथे उत्खनन केलं. थरांवर थर निघाले, सातवाहनांच्याही आधीपासूनची वस्ती. नाशिकचं वय या मातीत मोजलेलं आहे. आणि ही माती दर पावसाळ्यात नदीकडे ढासळते. कडेला घरं आहेत, घरांत माणसं आहेत. दर वर्षी मे-जूनमध्ये त्यांना नोटीस मिळते: जागा धोकादायक आहे, खाली करा. कुठे जायचं, हे नोटिशीत नसतं. संरक्षक भिंतीची चर्चा दर वर्षी होते, भिंत होत नाही.

गेल्या खेपेला तिथल्या एका ताईंनी मला घराची मागची भिंत दाखवली. भेगेत त्यांनी जुनं लुगडं कोंबलं होतं, पाणी आत येऊ नये म्हणून. नोटिसा त्यांनी एका पिशवीत जपून ठेवल्यात. बाहेर काढून चटईवर मांडल्या, सालवार. ‘वाचता येतं ना तुम्हाला दादा? मग सांगा, यातल्या कुठल्या कागदावर खोली लिहिलीय.’

सगळे वाचले. कुठल्याच नव्हती.

मृग लागायला किती दिवस राहिले, मोजा.